धबधब्यांच्या वाटांचं पुस्तक घेण्याआधी

मे संपत आला की दुकानांतून मला फोटो येऊ लागतात. "बाई, हे घेऊ का?" मी शाळेत भूगोल शिकवते, मुलुंडला राहते आणि पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडते, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. फोटोत पुस्तकाचं मुखपृष्ठ असतं: हिरवागार कडा, पांढरी धार, खाली हात पसरून उभं असलेलं कोणीतरी. त्यावरून मला काहीच सांगता येत नाही. आतली चार पानं पाठवली की मात्र लगेच सांगता येतं. ती पानं कोणती आणि त्यांत काय शोधायचं, ते इथे लिहिते आहे.

आधी पांडवकड्याचं पान काढा. मुंबईजवळच्या धबधब्यांच्या पुस्तकात खारघरचा पांडवकडा सहसा असतोच. तिथे माणसं वाहून गेली आहेत, म्हणून पावसाळ्यात तिकडे जायला बंदी असते. पुस्तकाने हे पहिल्या दोन-तीन ओळींत सांगितलं असेल आणि हा कडा खारघरमधूनच लांबून कसा पाहायचा ते सुचवलं असेल, तर पुढची पानं वाचायला हरकत नाही. 'मनसोक्त भिजण्यासाठी उत्तम ठिकाण' असं छापलं असेल तर पुस्तक मिटून परत ठेवा. हे पान ज्याने असं लिहिलं, त्याने बाकीची पानंही तशीच लिहिलेली असतात.

मग चिंचोटी. हा धबधबा वसईच्या बाजूला, तुंगारेश्वरच्या जंगलात आहे आणि तिकडे जाताना ओढे ओलांडावे लागतात. जुलै २०१८ मध्ये पावसाने पाणी चढलं आणि शंभराहून अधिक माणसं तिथे अडकून पडली. त्यांना बाहेर काढावं लागलं, एकाचा जीव गेला. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी परतताना कमरेच्या वर असू शकतं. म्हणून पुस्तकाला माझा सगळ्यात मोठा प्रश्न हा असतो: या वाटेवर ओढा किती वेळा ओलांडायचा, नेमका कुठे ओलांडायचा, आणि पाणी चढलं तर ओढा न ओलांडता परत येणारी दुसरी वाट आहे का? 'जंगलातली सुंदर पायवाट' हे उत्तर मला नको आहे. 'वाडीपासून मंदिरापर्यंत ओढा डाव्या हाताला ठेवा, मंदिरापाशी तो ओलांडावा लागतो, जोराचा पाऊस असेल तर इथूनच मागे फिरा' असं एखादं वाक्य असेल तर त्या एका वाक्यासाठी मी पुस्तकाची किंमत द्यायला तयार आहे.

पाणी इतक्या लवकर का चढतं, हेही चांगलं पुस्तक प्रस्तावनेत समजावतं. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू सरळ तुटलेली आहे. वर काळ्या कातळावर मातीचा थर पातळ असतो आणि जुलैपर्यंत तो पुरता भिजून जातो. त्यानंतर पडलेला पाऊस मुरायला जागाच राहत नाही, तो तसाच ओढ्यात उतरतो. खाली तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर पठारावर ढग रिकामा होत असतो. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको: २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली आणि त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एवढा फरक पडत असेल तर मुलुंडच्या खिडकीतून पाहून कर्जतच्या कड्यावरचं पाणी कसं ओळखणार?

म्हणून लोंढा येण्याआधीची लक्षणं पुस्तकात दिलेली हवीत. नितळ पाणी अचानक गढूळ होतं, पाला आणि काटक्या वाहून येऊ लागतात, धबधब्याचा आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी सामान गोळा करत बसायचं नाही, आहे तसं काठ चढून वर यायचं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहातल्या खडकावर एकमेकांना धरून उभं होतं. पाणी वाढत गेलं आणि पाच जण गेले. तो व्हिडिओ मी वर्गात दाखवत नाही, पण प्रवाहाच्या मधल्या खडकावर का उभं राहायचं नाही हे दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. कुठल्या खडकावर 'छान बसता येतं' असं सांगणारं पुस्तक मी मुलांच्या हातात देत नाही.

डोहाच्या खोलीचंही तसंच आहे. 'कुंड पाच फूट खोल, पोहण्यास योग्य' असा आकडा छापलेला दिसला तर सावध व्हा. दर पावसाळ्यात दगड-गाळ वाहून येतो, तळ बदलतो, मागच्या वर्षीची खोली या वर्षी राहत नाही. धबधब्याच्या पायथ्याशी पाण्यात हवा मिसळून फेस झालेला असतो. त्या फेसात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही आणि भोवरा खाली ओढतो, म्हणून पट्टीचे पोहणारेसुद्धा बुडतात. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या कुंडाने किती घरांतली तरुण मुलं नेली आहेत. तिथल्या पानावर पुस्तक काय म्हणतं ते जरूर पाहा.

आता तुमच्या ओळखीच्या जागेचं पान. दुकानात उभ्या उभ्या करता येणारी याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. सगळे आपल्याला न पाहिलेल्या जागेचं पान आधी उघडतात, आणि तिथे पुस्तक बरोबर आहे की चूक ते कळायला काही मार्गच नसतो. तुम्ही ज्या धबधब्याला स्वतःच्या पायांनी जाऊन आलात त्याचं पान वाचा. मी भिवपुरीचं वाचते. भिवपुरी रोड स्टेशनला उतरून आषाणेच्या बाजूला चालत जाताना वाटेत भाताची खाचरं लागतात. जूनमध्ये ज्या बांधावरून सहज चालता येतं तो बांध लावणीच्या दिवसांत ओल्या मातीने नुकताच लिंपलेला असतो. त्यावरून वीस जण गेले की तो फुटतो, खाचरातलं पाणी निघून जातं आणि शेतकऱ्याची मेहनत वाया जाते. पुस्तकात वाट गावातून फिरून सांगितली असेल तर लेखक पावसाळ्यात तिथे चालला आहे आणि गावकऱ्यांशी बोलला आहे, हे मी ओळखते. 'शेतांमधून सरळ जावे' असं असेल तर तो बहुधा हिवाळ्यात गेला असणार, किंवा गेलाच नसणार.

अंतराचे आकडे बघा. 'मुंबईपासून ९० किलोमीटर' म्हणजे मुंबईत कुठून? कुलाब्याहून निघणाऱ्याला आणि दहिसरहून निघणाऱ्याला एकच आकडा कसा चालेल? आपल्याला स्टेशन लागतं. कर्जत मार्गावर नेरळ, भिवपुरी रोड की पुढे खोपोली, कसारा मार्गावर उतरून जव्हारच्या रस्त्याने एसटी की जीप, पश्चिमेला वसई की नायगाव, अशी मांडणी असलेलं पुस्तक मला फार आवडतं. अकारविल्ह्यापेक्षा स्टेशनवार अनुक्रमणिका मुंबईकराच्या कितीतरी जास्त उपयोगाची. गाड्यांची नेमकी वेळ छापलेली नसली तरी बिघडत नाही, ती बदलत असते. पण गावातून परतीची शेवटची एसटी दुपारीच निघून जाते का, हे सांगितलंच पाहिजे.

आवृत्तीचं साल तर मुखपृष्ठ उलटताच पाहायचं. त्यातही छापल्याचं साल आणि लेखक प्रत्यक्ष फिरल्याचं साल यांत फरक असतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्याआधीच्या पुस्तकात इगतपुरीच्या बाजूला गाडीने जायचा जो वेळ दिला असेल तो आता जुना झाला. रस्ता जुना असला तरी फार तर उशीर होईल. बंदी, कुंपण, दरड याबाबतची जुनी माहिती मात्र अंगाशी येते. प्रत्येक वाटेखाली 'शेवटची पाहणी: अमुक महिना, अमुक साल' अशी ओळ देणारी पुस्तकं थोडी आहेत. दिसलं तर सोडू नका.

नकाशाबद्दल माझा हट्ट आहे आणि तो मी सोडणार नाही. बाणांचं रेखाचित्र म्हणजे नकाशा नव्हे. समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) हव्यात, ओढे हवेत, आणि धबधब्याच्या वरचा भाग हवा, कारण पाणी तिथून येतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आता इंटरनेटवरून मिळवता येतात. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक. पुस्तकात धबधब्याची उंची ५०० फूट लिहिली असेल तर ती झाली सुमारे १५० मीटर. म्हणजे त्या जागी सात-आठ रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसायला हव्यात. दोनच दिसल्या तर आकडा ऐकीव आहे. माझी नववीची मुलं हे पंधरा मिनिटांत करून दाखवतात. मग पेन्सिलीने धबधब्याच्या वरच्या डोंगरधारा जोडून घ्या, आतला भाग म्हणजे त्या धबधब्याचं पाणलोट क्षेत्र. ते लहान असेल तर पाऊस थांबला की धार लवकर बारीक होते. मोठं असेल तर पाऊस थांबल्यावरही पाणी येत राहतं, आणि लांबवरच्या पावसाचा लोंढाही तुमच्यापर्यंत येतो.

हंगामाबद्दल 'जून ते सप्टेंबर' एवढंच लिहिणारं पुस्तक आळशी समजा. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून, परतण्याची ८ ऑक्टोबर. जूनच्या मध्याला बऱ्याच धारा सुरूच झालेल्या नसतात, जुलैत त्या सगळ्यात भरलेल्या आणि सगळ्यात धोक्याच्या, ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात उघडीप मिळते पण कातळावर शेवाळ पक्कं बसलेलं असतं. मला स्वतःला सप्टेंबर आवडतो, तेरडा फुललेला असतो. काही धबधबे तर पावसावरही पूर्ण अवलंबून नसतात. प्रवरेवरच्या रंधा धबधब्याच्या वर भंडारदरा धरण आहे, धरणातून किती पाणी सोडलंय त्यावर त्याचं रूप ठरतं. हे त्या पानावर नसेल तर लेखकाने पाण्याचा विचारच केलेला नाही. परतीची वेळही ऋतूनुसार हवी. जुलैच्या सुरुवातीला मुंबईत सव्वासातच्या पुढे सूर्यास्त होतो, सप्टेंबरच्या अखेरीस साडेसहाच्या आतच, आणि दरीतल्या झाडीत त्याहून बराच आधी अंधारतं.

'सोपी, मध्यम, कठीण' या शिक्क्यांवर मी वेळ घालवत नाही. कोणासाठी सोपी, कोरड्या दिवशी की ओल्या, हे सांगितलं असेल तर वाचावं. फोटोंतही वाटेचा फाटा, देऊळ, ओळखीचं झाड असे फोटो किती ते मोजा. धबधब्याच्या माथ्यावर काठाशी पाय सोडून बसलेल्या माणसाचा फोटो असेल तर ते पुस्तक तरुणांना देऊ नये. तसाच फोटो काढायला जाऊन मुलं पडतात.

एक गोष्ट पुरुष लेखकांच्या पुस्तकांत मला क्वचितच सापडते: बायकांना ओले कपडे बदलायला आणि लघवीला जायला सोय कुठे आहे. वाडीतलं एखादं घर, शाळेमागची खोली, देवळाजवळचा आडोसा, काहीही चालेल, पण लिहा. दिवसभर पाणी न पिता चालणाऱ्या मुली मी पाहते आणि जीव तुटतो. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणत्या गावात, फोनला रेंज कुठपर्यंत, १०८ ची रुग्णवाहिका रस्त्याला कुठे भेटू शकेल, हेही हवं. कोकणपट्टीत फुरसं आहे, घोणस आहे. दंश झाल्यावर पुस्तक चाळून जागा शोधायला वेळ नसतो.

आणि पुस्तकभर एक वाक्य शोधा: 'आम्ही इथून परत फिरलो.' पावसाळी डोंगरात खरंच हिंडलेल्या माणसाला कधी ना कधी पाण्याने मागे फिरवलेलं असतंच. ज्या पुस्तकात प्रत्येक वाट शेवटापर्यंत पूर्ण झाली आहे, त्यावर माझा विश्वास बसत नाही. ज्याने 'ओढा फुगलेला होता, पलीकडे गेलो नाही, वरची वाट पाहिलेली नाही' असं छापलं, त्याची बाकीची पानं मी निर्धास्त वाचते.

पुस्तक घेतलंत तर ते घरीच राहू द्या, पावसात त्याचा लगदा होतो. त्या दिवसाच्या वाटेची दोन पानं आणि नकाशा झेरॉक्स करून प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. दुसरी प्रत घरी कोणाजवळ तरी ठेवा. तिच्यावर पेन्सिलीने लिहा: कोणत्या स्टेशनला उतरणार, कोणत्या वाडीतून वर जाणार, धबधबा दिसो न दिसो किती वाजता मागे फिरणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं.