ट्रॉलीचं चाक बदलताना, अन् पोळ्याला तिचं काम

आमची ट्रॉली दोन चाकांची, ९.००-१६ चे टायर. तिला इंजिन नाही, म्हणून वर्षभर तिच्याकडे कोणी पाहत नाही. ट्रॅक्टरचं ऑइल वेळेवर बदलतो, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतो. ट्रॉली मात्र कुंपणाशी गवतात उभी. मग दिवाळीनंतर कापूस भरला की ती भर रस्त्यात हिशेब मागते.

माझा हिशेब वडनेरजवळ झाला. राळेगावकडून वडकी, तिथून हायवेनं हिंगणघाटला चाललो होतो. वीस क्विंटल कापूस, वरून पाल बांधलेलं. डावं चाक बसलं. पुतण्यानं नटाला पाना लावला, पान्यावर पाइप चढवला अन् आम्ही दोघं पाइपावर उभे राहिलो. कट्‌कन आवाज आला. मला वाटलं, सुटला नट. पाहतो तर स्टडच, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्टच, तुटलेला. दुसराही तसाच गेला, तेव्हा मागं थांबलेला ट्रकवाला खाली उतरला. म्हणे, "भाऊ, डावीकडचे आटे उलटे हायत. तुम्ही तं कसूनच रायले!"

सगळ्याच ट्रॉल्यांना असं नसतं. जुन्या ट्रकच्या अ‍ॅक्सलवर बांधलेल्यांना असू शकतं. स्टडच्या तोंडावरचा मळ खरवडून पाहा, 'एल' कोरलेलं दिसलं तर नट उलटा फिरवायचा. हे घरीच पाहून ठेवा आणि फाळक्यावर आतून रंगानं लिहा. आम्ही लिहिलंय.

आता चाक कसं काढायचं ते. ट्रॉली ट्रॅक्टरपासून अजिबात सोडू नका. दोन चाकी ट्रॉलीत माल मागं जास्त असला तर पिन काढताच पुढचा दांडा उसळून वर येतो. तिथं उभा असलेल्याचा जबडा जाईल. ट्रॅक्टर बंद, गिअरमध्ये, ब्रेक लॉक. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड. रस्ता चालू असेल तर एकाला मागं लांब उभा करा, रात्री त्याच्या हातात टॉर्च द्या.

नट आधी जमिनीवरच पाव फेरा ढिले करायचे. चाक वर उचलल्यावर ते नटासोबत गरगर फिरतं अन् जोर लागतच नाही.

जॅक अ‍ॅक्सलखाली, पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, यू-बोल्टाजवळ लावायचा. चेसिसच्या पट्टीखाली लावला तर पाटे मोकळे होत जातात, चाक जागेवरच राहतं. आमच्या काळ्या मातीत जॅक सरळ खाली जातो, भुईत शिरतो. म्हणून दीड फुटाची बाभळीची जाड फळी ट्रॉलीत कायमची ठेवा. हायवेच्या कडेची मुरमाड पट्टीसुद्धा पावसानंतर भरवशाची नसते. उचलताना अंदाज एवढाच, की बसलेल्या टायरपेक्षा हवा भरलेल्या स्टेपनीला उंची जास्त लागते. काढलेलं चाक बाजूला फेकू नका, ट्रॉलीच्या खाली आडवं सरकवा. जॅक घसरला तर ट्रॉली त्या चाकावर टेकेल, तुमच्या पायावर नाही.

स्टेपनी छातीशी धरून स्टडवर चढवायला जाऊ नका, कंबर धरते. टायरखाली सब्बल घाला, एकानं सब्बल दाबायची, दुसऱ्यानं भोकं जुळवायची. नटाची निमुळती बाजू रिमकडे. एक नट कसला की शेजारचा नाही, समोरचा. टेकवून झालं की जॅक उतरवा अन् मग शेवटचं कसणं. दहाएक किलोमीटरवर थांबून परत पाना लावा. एखादा तरी नट थोडा फिरतोच.

पंक्चर झालेलं चाक रस्त्यावर उघडायच्या भानगडीत पडू नका. या रिमला लोखंडी रिंग असते. ती नीट बसलेली नसताना हवा भरली तर बंदुकीसारखी उडते. आमचा पंक्चरवाला आधी व्हॉल्वची पिन काढून सगळी हवा सोडतो, मगच रिंगेला हात लावतो. भरताना चाकाला साखळी गुंडाळतो अन् स्वतः बाजूला उभा राहतो. जो असं करत नाही, त्याच्याकडे मी जात नाही.

आता पोळ्याचं काम. वडील बंडी हाकायचे तेव्हा आस कुरकुरला की लगेच उतरून वंगण घालायचे. ट्रॉलीचं बेअरिंगही कुरकुरतं, पण ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू कुठं येतं? म्हणून थांबलो की हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, हातानं पाहतो. कोमट चालतं. हात ठेववत नसेल तर बेअरिंग खराब होत चाललं, किंवा नट जास्त कसलेला आहे.

वर्षातून एकदा, पोळ्याला, हब उघडा. टोपी, फाटपिन, खाचांचा नट, वायसर, मग बाहेरचं बेअरिंग. दोन्ही बेअरिंगं डिझेलमध्ये धुवून वाळवा. रोलर निळे पडले असतील किंवा खड्डे दिसले तर सरळ बदला. ग्रीस बोटानं फासू नका. तळव्यावर गोळा घ्या, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, वरून रोलरांतून ग्रीस बाहेर यायला पाहिजे. आतल्या सीलची कड फाटली असेल तर नवीन घाला, नाहीतर पुढच्या पावसात सगळं ग्रीस चिखल होतं. नट कसताना चाक फिरवत राहायचं, जड झालं की एक खाच मागं घ्यायची. फाटपिन नवीनच. शेवटी टायर वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर ढिलं राहिलंय.

पावसाळाभर ट्रॉली उभी राहणार असेल तर अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे द्या, टायर एकाच जागी चपटा होत नाही. हुकाच्या पिनेला क्लिप आहे का पाहा. पिनेऐवजी बोल्ट घालून चालवणारे माझ्याच गावात चार जण आहेत.

एक गोष्ट मला उशिरा कळली. कापूस फुगतो, पाल मागच्या फाळक्यावर लोंबतं अन् मागचे लाल रिफ्लेक्टर झाकून टाकतं. अंधारात मागच्याला नुसता पांढुरका डोंगर दिसतो, तोही जवळ आल्यावर. आता पुतण्या पाल बांधून झालं की दाभण घेऊन मागच्या बाजूला दोन लाल रिफ्लेक्टर सुतळीनं शिवतो, मग मला हाक मारतो, "काका, मागून टॉर्च मारून पाहा बरं."