गढूळ पाणी मोजायचं कसं? कृष्णेच्या घाटावरनं थेट खाडीतल्या पिल्लांपर्यंत

जूनमधे नदीला पहिलं पाणी आलं की सगळ्यांच्या तोंडी एकच, पाणी गढूळ झालं, आणि गढूळ म्हणजे घाण हे आपण धरूनच चालतो. प्यायच्या पाण्यापुरतं ते बरोबर आहे, भारतीय मानकात १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आणि दुसरी सोयच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. पण हेच माप खाडीला लावलं की गणित चुकतं, कारण कोळंबी, चिंबोरी, बोय, जिताडा असल्या कितीतरी जिवांचं लहानपण खाडीत जातं आणि तिथं थोडं गढूळ पाणी त्यांच्या फायद्याचं असतं. किती गढूळ, कसलं आणि किती दिवस, हे बघायला शिकायचं, त्यासाठी हे लिहितोय.

कृष्णाकाठच्या आपल्या सांगली-साताऱ्याचा आणि खाडीचा काय संबंध असं वाटेल, पण आहे. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते आणि पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीत जाते. कोयना धरणाचं पाणी बोगद्यातनं सह्याद्रीच्या पलीकडं नेऊन वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात, चिपळूणवरनं दाभोळच्या खाडीत, आणि हे थोडंथोडकं नाही, कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पश्चिमेला वळवायला मंजुरी दिलेली आहे. कृष्णेचं मात्र उलटंय, आपला गाळ आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर असा धरणाधरणात अडकत जातो, त्यामुळं आंध्रातल्या मुखाशी पूर्वीपेक्षा फार कमी पोचतो. म्हणून सराव कृष्णेवर करा, पण पिल्लांचं बघायचं असेल तर कुंभार्ली घाट उतरून वाशिष्ठीच्या खालच्या अंगाला जा.

आधी घरी एक प्रयोग करा, यानं अर्धं डोक्यात बसतं. पावसाळ्यात नदीचं पाणी एकाच बादलीतनं लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्यांत भरा. एकीत चमचाभर मीठ टाकून हलवा, दुसरी पण तेवढीच हलवा, दोन्ही खिडकीत ठेवा. वाळू तर दोन्हीत लगेच खाली बसते, पण चिकणमातीचे बारीक कण साध्या बाटलीत दिवस-दिवस तरंगत राहतात आणि मिठाच्या बाटलीत थोड्या वेळानं गुठळ्या दिसायला लागतात, कापसाचे बारके पुंजके असावेत तशा, आणि त्या वजनानं खाली यायला लागतात. एरवी कण एकमेकांना ढकलत असतात, मिठानं ते ढकलणं कमी होतं आणि ते चिकटतात. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी भेटतं तिथं खाडीत हेच चालू असतं. तिथं गाळ आणि कुजका पालापाचोळा अडकून फिरत राहतो, त्या पट्ट्यात पाणी सगळ्यात गढूळ, तिथंच त्यावर जगणारे बारीक जीव, आणि त्यांना खायला माशांची पिल्लं.

शिवाय लपायला जागा. कोळंबीची मादी समुद्रात अंडी सोडते, मग जेमतेम सेंटीमीटरभर झालेली पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. नजरेनं शिकार करणाऱ्या मोठ्या माशाला गढूळ पाण्यात लांबचं दिसत नाही, तेवढंच पिल्लांना अभय. ऑस्ट्रेलियातल्या मोरेटन बे मधे पिल्लं कुठं का सापडतात यावर १९८० साली ब्लेबर आणि ब्लेबर यांचा अभ्यास आला, त्यात गढूळपणा हे मोठं कारण निघालं.

आता वाईट बाजू, आणि ती खरंच वाईट आहे. गाळ फार झाला की कल्ल्यांवर बसतो, बघून खाणाऱ्या पिल्लाला अन्न अगदी तोंडापुढं आल्याशिवाय दिसत नाही, तळाची अंडी गाळाखाली गुदमरतात, कालवांच्या पिल्लांना चिकटायला स्वच्छ कातळ लागतो आणि त्यावर गाळाचा पातळ थर बसला तरी ती टिकत नाहीत. पाण्याखालच्या वनस्पतींचा उजेड जातो ते वेगळंच. पावसाचा लोंढा चार दिवस येऊन गेला तर बरेच जीव निभावतात, पण डोंगर कापून, वाळू उपसून, गाळ काढून तेच पाणी ऐन उन्हाळ्यात महिनाभर गढूळ राहिलं तर नाही निभावत. मला म्हणूनच एका दिवसाच्या आकड्यापेक्षा किती दिवस गढूळ राहिलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

मोजायला सेक्की डिस्क करा, म्हणजे पाण्यात सोडून किती खोलवर दिसते ते बघायची काळी-पांढरी चकती, इटलीतल्या आंजेलो सेक्कीनं १८६५ मधे वापरलेली युक्ती आजपण चालते. २० सेंटीमीटर व्यासाची सपाट स्टीलची ताटली किंवा बादलीचं झाकण घ्या, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन काळे दोन पांढरे ऑइल पेंटनं रंगवा, मधे भोक पाडून नटबोल्ट-वायसर लावा, खालून अर्धा किलोचं लोखंड बांधा. दोरी नायलॉनची, आधी भिजवून ताणून घ्या आणि मगच दर १० सेंटीमीटरला खूण करा, सुतळी वापरू नका, भिजली की माप बदलतं. साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, सावलीच्या बाजूनं, गॉगल काढून डिस्क सोडा, दिसेनाशी झाली ती खोली लिहा, वर घेताना परत दिसली ती लिहा, दोन्हीची सरासरी. त्याच्या साधारण अडीच पट खोलीपर्यंत वनस्पतीला पुरेल इतका उजेड पोचतो असं ढोबळ धरतात, म्हणजे ४० सेंटीमीटर आलं तर मीटरभर. धारेत दोरी तिरकी झाली तर आकडा खोटा येतो, तो टाकून द्या.

सांगलीकरांनो, भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत, पाण्यात उतरायचं नाही, काठावर वाकायचं पण नाही, आणि पुरात तर नदीकडं फिरकूच नका. आयर्विन पुलावरनं डिस्क सोडली तर उंचीमुळं नीट दिसत नाही, त्यापेक्षा दोरीनं बादलीभर पाणी वर घ्या आणि पारदर्शक नळीत मोजा. पाट्या करणाऱ्या दुकानात ॲक्रिलिकची नळी मिळते, मीटरभर पुरे, बुडाला काळी-पांढरी चकती एमसीलनं बसवा, वरनं बघत पाणी हळूहळू ओता आणि चकती दिसेनाशी झाली की पाण्याची उंची लिहा. डिस्कचे आणि नळीचे आकडे एकात मिसळू नका.

खाडीत गेलात तर भरती-ओहोटीशिवाय आकड्याला अर्थ नाही. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओढ जास्त म्हणून तळ ढवळतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी निवळ असतं, म्हणून तुलना करायची तर दोन्ही वेळा तिथी आणि भरतीची वेळ सारखी पकडा. भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं त्या थोड्या वेळात होडीतनं किंवा जेटीवरनं मोजा. जवळ पांढरा रुमाल ठेवा, पाणी गाळून बघा, हिरवट डाग आला तर ते शेवाळ, त्यामागं खत किंवा सांडपाणी असू शकतं, आणि तांबडी-तपकिरी माती आली तर वर कुठं जमीन उघडी पडलीय का ते शोधा. मासेमारी करणाऱ्या काका-मावशींना विचारा की कोळंबीची बारकी पिल्लं कुठल्या महिन्यात दिसतात, तो महिना वहीत मार्क करा आणि त्या महिन्यात निदान आठवड्याला एकदा तरी तिथल्याच कुणाला तरी मोजायला सांगा. खाडीवरनं आलं की डिस्क गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर बोल्ट गंजतो.