सिनेमा बघताना परवाने मोजा

सिनेमा लावला की मी वही घेऊन बसते. पात्राला सरकारी परवानगी लागली की एक रेघ. सत्तर-ऐंशीचं दशक असेल तर टेलिफोन, सिमेंट, आयात, काहीच सोडू नका. मग प्रत्येक रेघेपुढे लिहा: ही अट कोणाला जपते, गिऱ्हाइकाला की आधीच दुकान मांडून बसलेल्याला? आमच्या बाबांनी स्कूटरसाठी आठ वर्षं वाट पाहिली. जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचे परवाने गेले, त्या दिवशीचा पेपर अजून कपाटात आहे.

सुरुवात चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’पासून करा. त्यात सरकारला नाटकावर बंदी घालू देणारा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा ऐकू येतो. तो २०१८ मध्ये रद्द झाला. तरी महाराष्ट्रात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडे, जातेच. तिथे मी जाड रेघ मारते. शेतीच्या प्रसंगांसाठी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचे लेख शेजारी ठेवा.