बार बघायचा तर दुपारी चारला

मुंबईतल्या चांगल्या कॉकटेल बारमध्ये काम करायचं मनात असेल, तर अर्ज करण्याआधी तो बार एकदा दुपारी चारच्या सुमाराला बघून या. रात्री अकराला सगळेच बार देखणे दिसतात. मंद दिवे, गाणी, उंच खुर्च्यांवर नटूनथटून आलेली माणसं, या सगळ्यात काही कळत नाही. दुपारी मोठे दिवे लागलेले असतात, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असतात आणि आत काम चालू असतं. ते काम बघा. लिंबं आत्ता पिळतायत की कालच्या रसाची बाटली फ्रिजमधून निघतेय? पाकाच्या बाटल्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत का? उघडलेली व्हर्मुथची बाटली कुठे ठेवलीय? व्हर्मुथ ही वाइनच, उघडल्यावर ती फ्रिजमध्येच ठेवावी लागते. शोभेसाठी दिव्याखाली आठवडे-आठवडे उभी असेल, तर त्या बारमध्ये शिकवणारं कुणी नाही असं खुशाल समजा.

मी चिपळूणची. हॉटेल मॅनेजमेंट करून मुंबईत आले आणि बारच्या मागेच रमले. आता हाताखाली नवी मुलं-मुली येतात. कुणी सोलापूरचा, कुणी नाशिकची, कुणी डोंबिवलीहून रोज ये-जा करणारा. ‘ताई, यात यायचं तर नेमकं काय करायचं?’ हा प्रश्न प्रत्येकाचा असतो. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहितेय.

शिक्षणाचा रस्ता एकच नाही. दादरची आयएचएम, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी संस्था, १९५४ पासून आहे, जुनी माणसं तिला अजून दादर केटरिंगच म्हणतात. तिथे राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून जाता येतं. तीन-चार वर्षं आणि फी परवडत नसेल, तर काही महिन्यांचे बार्टेंडिंगचे कोर्स आहेत. आणि काहीही न करता थेट बारबॅक, म्हणजे बार्टेंडरचा मदतनीस, म्हणून लागलेले, पुढे हेड बार्टेंडर झालेले लोकही मी जवळून पाहिलेत. पदवीमुळे मोठ्या हॉटेलचा दरवाजा लवकर उघडतो, एवढा फायदा नक्की. पण कोर्समध्ये बाटल्या हवेत उडवायला शिकवतात, त्यालाच मुलं बार्टेंडिंग समजतात. फ्लेअर ही वेगळी कला आहे, मला तिचा आदर आहे. लाउंजमध्ये मात्र ती फारशी लागत नाही. तिथे एकाच वेळी आलेल्या आठ ऑर्डरी एका चवीच्या आणि वेळेत निघाव्या लागतात.

सुरुवात बारबॅक म्हणूनच होते. बर्फ वाहायचा, क्रेट उचलायचे, ग्लास पुसायचे, लिंबं-संत्री कापायची, पाक करायचा, भांडी विसळायची. आई-वडिलांना हे सांगताना जड जातं, पोरगा शिकून मोरीत उभा राहिला असं त्यांना वाटतं. पण या महिन्यांत जे हाताला बसतं, त्यावरच पुढची सगळी वर्षं उभी राहतात. ग्लासला साबणाचा वास राहिला की महागातली महाग जिन वाया जाते, हे स्वतः शेकडो ग्लास पुसल्याशिवाय अंगात मुरत नाही.

आता चवीबद्दल. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

डाकिरी हे कॉकटेल घ्या. ६० मिली व्हाइट रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. तीनच जिनसा, त्यामुळे चूक लपत नाही. आता लिंबू काही वर्षभर सारखं नसतं. एप्रिल-मेमध्ये महागलेलं, कमी रसाचं लिंबू आणि पावसाळ्यातलं पाणीदार लिंबू यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून रोज दुपारी रस पिळला की एक डाकिरी करून चाखायची आणि त्या दिवसाचं पाकाचं माप ठरवायचं. आमचा पाक कधी समभाग साखर-पाण्याचा असतो, कधी साखर दुप्पट. कुठल्या पेयाला कुठला, हे पाठ असावं लागतं. चाखायचं तेही स्ट्रॉ बुडवून, वरचं टोक बोटानं बंद करून, थेंबभर. प्रत्येक पेय ग्लासात ओतण्याआधी असा थेंब घ्यायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. कॉकटेलमधलं पाणी म्हणजे भेसळ, असं नव्या मुलांना वाटतं. उलट आहे. शेकरमध्ये दहा-पंधरा सेकंद जोरात हलवलं की बर्फ वितळून साधारण पाव भाग पाणी पेयात उतरतं. ते उतरलं नाही तर पेय घशाला चरचरतं, जास्त उतरलं तर पांचट होतं. रस, अंडं, साय असलेलं पेय हलवायचं. नुसत्या मद्यांचं असेल, म्हणजे नेग्रोनी, मार्टिनी, तर लांब चमच्यानं ढवळायचं, म्हणजे ते नितळ राहतं. मुंबईच्या दमट हवेत बर्फाच्या बादलीत तळाला पाणी साचतं. त्या ओल्या बर्फानं हलवलं की अंदाज चुकतो. बादली दर थोड्या वेळानं निथळून घेणं हे बारबॅकचं काम, आणि ते करणारा बारबॅक माझ्या लगेच डोळ्यांत भरतो. ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलमध्ये घालतात तो मोठा नितळ ठोकळा दिसायला छान असतोच, पण खरं कारण वेगळं आहे. तेवढ्याच वजनाच्या लहान तुकड्यांपेक्षा त्याचा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून तो सावकाश विरघळतो.

जिगर, म्हणजे मापाची वाटी, कधीही सोडू नका. हातच्या अंदाजानं ओतणारे लोक रुबाबदार दिसतात. पण ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग असतात आणि प्रत्येक पेगला ३ मिली सांडले तर बाटलीमागे दोनहून जास्त पेग गेले. महिनाअखेर स्टॉक मोजताना ते कुणाच्या तरी अंगावर येतं. हिशेब हा या कामाचा अर्धा भाग आहे. एका ग्लासात किती रुपयांचा माल गेला हे ज्याला सांगता येतं, त्यालाच मेनू बनवायला बसवतात.

मराठी मुलांनी संकोच सोडून एक गोष्ट करावी, ती म्हणजे घरची चव घेऊन यावं. मुंबईत गेल्या दशकभरात इथल्या मातीतल्या जिनसांना मान आलाय. २०१५ साली लोअर परळला सुरू झालेलं द बॉम्बे कॅन्टीन आणि नंतर बीकेसीत त्यांनीच काढलेलं गोव्याच्या चवीचं ओ पेद्रो यांनी देशी जिनसा मोठ्या दिमाखात मांडल्या. त्यानंतर कोकम, जांभूळ, गवती चहा, गूळ यांना बारमध्ये कुणी नाक मुरडत नाही. पण या जिनसा कशा वागतात हे शहरात वाढलेल्या बार्टेंडरला शिकावं लागतं, तुम्हाला ते जिभेवर पाठ असतं. आगळ आणि अमृत कोकम यांतला फरक मला कुणी शिकवला नाही. आगळ खारट-आंबट, त्यात साखर नाही. अमृत कोकम पाकातलं. पेयात आगळ घातली तर लिंबू आणि मीठ दोन्ही कमी करावं लागतं, नाहीतर तोंड वाकडं होतं. आमच्याकडे काजूच्या बोंडांचे ढीग बागेतच कुजतात, तर गोव्यात त्याच बोंडांची आधी उर्राक निघते आणि पुन्हा भट्टी लावली की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा उग्र वास झाकायचा प्रयत्न करू नका. आगळ, थोडा गूळ आणि सोडा यांच्याबरोबर ती फार सुंदर लागते. गोव्याकडच्याच डिस्टिलऱ्यांमधून २०१७-१८ पासून ग्रेटर दॅन, स्ट्रेंजर अँड सन्स अशा जिन आल्या आणि भारतीय बाटलीबद्दल पाहुण्यांची नजर बदलली. फेणी काय, जिन काय, दोन्हींबद्दल दोन वाक्यं नीट सांगता आली पाहिजेत.

कायदा माहीत असणं ही मालकाची जबाबदारी, तशी तुमचीही आहे. आपल्याकडे आजही १९४९ चा दारूबंदी कायदाच लागू आहे, म्हणून तर परमिट रूम. बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. ग्राहक कितीही रागावला, कुणाच्याही ओळखीचा असला, तरी शंका आली की ओळखपत्र मागायचं, शांतपणे, ‘सर, माफ करा, नियम आहे’ म्हणून. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस, आणि निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे अधिकारी तपासणीला येतात तेव्हा नोंदवहीतला आकडा आणि फडताळातली बाटली जुळली पाहिजे.

आणि बाहेर पडायचे रस्ते. २०१७ मध्ये २८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ माणसं गेली. तेव्हापासून मी कुठल्याही नव्या बारमध्ये पहिल्या दिवशी आधी मागचा जिना बघते. त्यावर क्रेट रचलेले असले तर बोलते, आणि तुम्हीही बोला. नवे आहात म्हणून गप्प बसू नका.

मुलींसाठी थोडं वेगळं. शतभी बासूंना देशातल्या पहिल्या महिला बार्टेंडर म्हणून ओळखतात, त्यांनी मुंबईतच काम केलं आणि पुढे शिकवलंही. तरीही कायद्यानं अडवलेल्या जागा होत्या. दिल्लीत लागू असलेल्या जुन्या पंजाब अबकारी कायद्यातलं, मद्य विकलं जातं तिथे बायकांना कामाला ठेवायची बंदी घालणारं कलम सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये अनुज गर्ग प्रकरणात रद्द ठरवलं. रक्षणाच्या नावाखाली बाईचं काम हिरावून घेता येत नाही, असा त्या निकालाचा गाभा. घरी समजावताना मला त्याचा उपयोग झाला. पण प्रत्यक्षात विचारायचं ते हे: रात्री घरी सोडायला गाडी आहे का, कपडे बदलायला स्वतंत्र खोली आहे का, आणि पाहुण्यानं मर्यादा सोडली तर मॅनेजर कुणाच्या बाजूनं उभा राहतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मॅनेजरकडून घेऊ नका, तिथे आधीपासून काम करणाऱ्या मुलीला विचारा.

पाहुणा हा या सगळ्याचा केंद्रबिंदू. त्याच्या खुर्चीवर बसण्यावरून कळतं की तो साजरं करायला आलाय की एकटेपणा घालवायला. दोघांशी सारखं बोलून चालत नाही. जास्त झालेल्या माणसाला नाही म्हणणं हे सगळ्यात अवघड कौशल्य. आधी न मागता पाणी ठेवायचं, मग काहीतरी खायला सुचवायचं, वेग कमी करायचा आणि तरीही ऐकलं नाही तर त्याच्या सोबतच्या माणसाशी हळू आवाजात बोलायचं. चारचौघांत अपमान करायचा नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळेला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पाहुण्याच्या हातात किल्ली दिसली की टॅक्सी बोलावून देऊ का, असं विचारणं मी माझ्या मुलांच्या कामातच धरते.

स्वतःच्या पिण्याबद्दल स्पष्ट सांगते. शिफ्टमध्ये पिऊ नका, आणि शिफ्ट संपल्यावर रोजचा एक ग्लास ही प्रथा जिथे असेल तिथे सामील होऊ नका. हाताखालची चांगली, हुशार माणसं मी याच्यापायी गमावलेली पाहिली आहेत.

पहिली नोकरी कुठे? मिळत असेल तर मोठ्या हॉटेलात. कुलाब्याला ताजमधला हार्बर बार १९३३ चा, शहरातला पहिला परवानाधारक बार म्हणून त्याची ओळख आहे. वरळीला फोर सीझन्सच्या ३४ व्या मजल्यावर एर हा बार आहे. अशा ठिकाणी शिस्त, प्रॉव्हिडंट फंड, स्टाफचं जेवण आणि ठरलेल्या शिफ्ट मिळतात. स्वतंत्र बारमध्ये शिकणं वेगानं होतं, प्रयोग करता येतात, पण तिथली घडी पूर्णपणे मालकावर अवलंबून असते. म्हणून तो दुसऱ्या नोकरीसाठी राखावा, असं माझं मत.

मुलाखतीत हातचं राखून विचारू नका. शेवटची लोकल एकच्या आसपास सुटते आणि बार दीडला बंद होतो. मग आवराआवर, स्टॉक, धुणं-पुसणं. पहिली गाडी थेट पहाटे चारनंतर. मधल्या वेळेचं काय, हे विचारा. टिप कशी वाटतात, बारबॅकला वाटा मिळतो का, हेही विचारा. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं ती २०२५ मध्ये उचलून धरली. त्यामुळे ‘पगार कमी, पण सर्व्हिस चार्जमधून निघतो’ असं कुणी म्हणालं तर त्या बोलण्यावर महिन्याचं भाडं ठरवू नका.

चाचणीसाठी बोलावलं तर पुढून बंद असलेले, न घसरणारे बूट घाला, नखं कापलेली असू द्या, अत्तर लावू नका, कारण त्याचा वास ग्लासापर्यंत जातो. खिशात लहान वही आणि पेन ठेवा. बहुतेक ठिकाणी तुम्हाला लिंबं कापायला देतील. फोडी एका जाडीच्या करा, कापायची फळी लगेच पुसून घ्या आणि पुढे काय करू ते विचारा.