जुन्या कर्ण्याच्या स्पीकरचा ट्विटर बदलण्याआधी आणि बदलताना

तंबोऱ्याची तार छेडली की सुरामागून जवारीची जी बारीक झणझण उठते, ती आमच्या डाव्या स्पीकरच्या पेटीतून यायची बंद झाली होती. या दोन्ही पेट्या सांगलीच्या गावभागातल्या घरातल्या. २०१९च्या महापुरात माळ्यावर चढवल्या म्हणून वाचल्या. खालच्या सुरांना बारा इंची वूफर, मधल्या सुरांना लांब कर्णा आणि वरच्या बारीक सुरांना छोट्या कर्ण्याचा ट्विटर. डावा ट्विटर गेला असं धरून मी नवा आणायला निघालो होतो. आधी तपासलं म्हणून पैसे वाचले. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

ॲम्प्लिफायर बंद करून दोन्ही पेट्यांचे ट्विटर एकमेकांत बदला. मंदपणा ट्विटरबरोबर दुसऱ्या पेटीत गेला, तर दोष ट्विटरचा. तो जागच्या जागी राहिला, तर दोष क्रॉसओव्हरचा, म्हणजे पेटीतल्या सूर वाटून देणाऱ्या जोडणीचा. मल्टिमीटरही लावून बघा. ८ ओहमचा धड ट्विटर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही, तर व्हॉइस कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, तुटली.

आमचा मंदपणा डावीकडेच राहिला, म्हणजे गुन्हेगार क्रॉसओव्हरमधला कंडेन्सर. ट्विटरकडे फक्त वरचे सूर सोडण्याचं काम तो करतो. पन्नास वर्षांत त्याचा आतला रोध वाढतो आणि वरचे सूर वाटेतच अडतात. साध्या मल्टिमीटरवर मायक्रोफॅरड (कंडेन्सरचं माप) बरोबर दिसले, तरी हा रोध त्यात कळत नाही. त्यामुळे एवढा जुना कंडेन्सर मी मोजत बसत नाही, सरळ बदलतो.

उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीची खूण करा. पत्र्याच्या डब्यातला तेलाचा कंडेन्सर असेल तर तो फोडू नका, जाळू नका. १९७०च्या दशकापर्यंतच्या अशा डब्यांत पीसीबी हे घातक रसायन असू शकतं. अमेरिकेने १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी घातली.

नवा कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्या. मापाचं गणित असं: १,५९,१५५ या आकड्याला हर्ट्झ आणि ओहम यांच्या गुणाकाराने भागायचं. ८ ओहमचा ट्विटर ६००० हर्ट्झच्या वर चालवायचा असेल, तर उत्तर ३.३ मायक्रोफॅरड. आता गंमत बघा. छताच्या पंख्याचा ३.१५चा कंडेन्सरही पॉलिप्रॉपिलीनचाच असतो, ४४० व्होल्टचा असतो आणि कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. त्याने कट, म्हणजे जिथून ट्विटर वाजायला लागतो ती सीमा, साधारण ६३०० हर्ट्झवर जातो, कानाला फरक जाणवत नाही. महागड्या आयात मालाच्या मागे लागण्याआधी हा लावून ऐकाच.

नव्या कंडेन्सरने आवाज टोचायला लागला, तर घाबरू नका. जुन्याच्या रोधामुळे जी मवाळी आली होती ती गेली, एवढंच. अर्ध्या ते एक ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला की टोचणी बसते.

ट्विटर खरोखरच गेला असेल, तर आधी त्याचा डायफ्राम (आतला थरथरणारा पडदा) मिळतो का पाहा. मॅग्नेटच्या गॅपमधला, म्हणजे कॉइल बसते त्या फटीतला, लोखंडाचा चुरा चिकटपट्टीने उचलून घ्या. अल्निको मॅग्नेट मात्र त्याच्या पोलपासून सुटा करू नका, तो क्षीण होतो. डायफ्राम मिळाला नाही, तर कर्ण्याच्या जागी कर्णाच बसवा. रेशमी घुमटाचा ट्विटर कितीही गोड असला तरी इथे तो कामाचा नाही. एका वॅटला एका मीटरवर कर्णा १०० डेसिबलच्या आसपास वाजतो आणि घुमटाचा ट्विटर ९०च्या. कर्ण्याची बरोबरी करायला घुमटाला दहापट वॅट लागतात आणि बिचारा जळतो. उलट नवा कर्णा पेटीपेक्षा मोठा वाजत असेल, तर त्याला खाली आणणं सोपं आहे. ६ डेसिबल उतरवायला कंडेन्सरनंतर ४ ओहम सिरीजमध्ये आणि ८ ओहम ट्विटरला समांतर लावा. ३ डेसिबलला साधारण २.४ आणि २० ओहम. रेझिस्टर १० वॅटचे, पांढरे सिरॅमिकचे घ्या. या जोडीमुळे एकूण रोध ८ ओहमच राहतो, म्हणून कंडेन्सर बदलावा लागत नाही. आणि कंडेन्सरशिवाय ट्विटर क्षणभरही जोडू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायचं काम. मधल्या कर्ण्याचा ड्रायव्हर पेटीत खोलवर, मागे असतो. ट्विटरचा कर्णा आखूड, म्हणून त्याचा आवाज आधी पोचतो. ६००० हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम पावणेसहा सेंटिमीटर, त्यामुळे तीन सेंटिमीटर पुढे-मागे झालं तरी दोघांचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. ट्विटर स्क्रूने पक्का करू नका, पेटीवर नुसता ठेवा. त्याच्या दोन वायरी मुद्दाम उलट्या जोडा. पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेली चाचणीची खरखर) लावून बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर मोबाईल धरा आणि कुठला सूर किती मोठा ते आलेखात दाखवणारं स्पेक्ट्रमचं ॲप चालू करा. कुणाला तरी ट्विटर अर्धा-अर्धा सेंटिमीटर मागे सरकवायला सांगा. एका जागी ६००० च्या आसपास खोल खड्डा पडेल. तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि वायरी सरळ करा. खड्डा भरून येईल. माझी रेघ पेटीच्या पुढच्या कडेपासून अकरा सेंटिमीटरवर आली, तुमची वेगळी येईल.

मग कानाने ऐका. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८च्या तबकड्या मला प्राणप्रिय आहेत, पण ट्विटर पारखायला त्या चालत नाहीत, इतके वरचे सूर त्या काळच्या ध्वनिमुद्रणात नीट उतरतच नसत. त्यापेक्षा मिरजेतल्या एखाद्या तंतुवाद्याच्या कारखान्यात जाऊन जवारी काढताना ऐका. कारागीर तारेखाली दोरा सरकवतो तेव्हा एका ठिकाणी सूर उघडतो. तो कानात साठवून घरी या आणि चांगल्या, अलीकडच्या मुद्रणातला तंबोरा लावा. सोबत भजनातले टाळही लावा. ठोका पडल्यावर किणकिण सावकाश विरली पाहिजे. ती नुसती 'च्यॅक' करून तुटत असेल, तर अजून काही तरी राहिलंय.

डावीकडचं जमलं की उजवीकडचा कंडेन्सरही त्याच दिवशी बदला, दोन्ही मोजून, जुळणारे घेऊन. मगच स्क्रू आवळा.