नव्या छोट्या गाडीच्या ऑईलचा लॅब रिपोर्ट कसा वाचायचा

नवी गाडी घेतली, आल्टो म्हणा नाहीतर वॅगन-आर, पहिलं ऑईल काढताना हौसेने सॅम्पल लॅबला पाठवलं, आणि रिपोर्ट आला तर लोखंड, तांबं, सिलिकॉन तिन्हीसमोर लाल खूण. मग माणूस सरळ शोरूम गाठतो. थांबा जरा. ती लाल खूण ज्या आकड्यावर लागते तो आकडा रुळलेल्या इंजिनांवरून ठरवलेला असतो, आणि तुमच्या इंजिनात अजून पिस्टनच्या रिंगा लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, बसतायत, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम घासून गुळगुळीत होतोय, कारखान्यातला सीलंट ऑईलमधे उतरतोय, त्यामुळे पहिल्या रिपोर्टात आकडे फुगलेले असणारच. नव्या गाडीच्या एकट्या रिपोर्टवरून फारसं काही कळत नाही. दुसरा आला की खरी मजा.

आधी पीपीएम म्हणजे काय ते डोक्यात बसू द्या. दहा लाखात किती भाग, वजनाने. छोट्या गाडीत साधारण ३ लिटर ऑईल, म्हणजे अडीच किलो धरा, त्यात लोखंड १०० पीपीएम आलं तर सगळं मिळून पाव ग्रॅम. आकडा बघून वाटतं इंजिन संपलं, आणि प्रत्यक्षात ती चिमूटभरसुद्धा नाही.

आता सॅम्पल, कारण इथेच निम्मे रिपोर्ट वाया जातात. गाडी १५-२० मिनिटं चालवून इंजिन गरम असतानाच ऑईल काढायचं, चेंबरचा, म्हणजे इंजिनाखाली ऑईल साठतं त्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट उघडला की पहिली धार जाऊ द्यायची, मधली धार थेट बाटलीत घ्यायची, शेवटचं तळाचं घ्यायचं नाही. बाटली लॅबने दिलेलीच, पाण्याची बाटली धुऊन वाळवून चालवू नका, आत थेंबभर पाणी राहिलं तरी रिपोर्टमधे पाणी दिसतं आणि मग हेड गॅस्केटच्या (कुलंट ऑईलमधे जाऊ न देणाऱ्या पॅकिंगच्या) नावाने बोंब. वर्कशॉपचं फनेल तर अजिबात नको, त्यातून सकाळपासून किती गाड्यांचं ऑईल गेलंय कोणास ठाऊक. वर्कशॉपच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरला आधी सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत गाडी लिफ्टवरून खाली. आणि जे नवीन ऑईल भरलं त्याचंही थोडं सॅम्पल एकदा पाठवून ठेवा, पुढे सगळं त्याच्याशी ताडून बघायचंय. फॉर्मवर ऑईलचा ग्रेड, गाडीचे किलोमीटर, त्या ऑईलवर झालेले किलोमीटर आणि मधे किती टॉप-अप केलं एवढं नीट लिहा.

रिपोर्ट वाचताना एकेक धातू सुटा बघायचा नाही, जोडीने बघायचा. सिलिकॉनचंच घ्या. नव्या ऑईलमधे फेस येऊ नये म्हणून टाकलेलं थोडं सिलिकॉन असतंच, नव्या इंजिनात चेंबर आणि कव्हर चिकटवलेल्या सीलंटमधून अजून येतं, आणि रस्त्यावरची धूळ म्हणजे पण सिलिकॉनच. मग ओळखायचं कसं? सिलिकॉन एकटंच वर असेल आणि दर ऑईल चेंजला खाली येत असेल तर तो सीलंट, सोडून द्या. सिलिकॉनसोबत अल्युमिनियम आणि लोखंडही चढत असेल तर धूळ आत जातेय, कारण धुळीत अल्युमिनियम असतंच आणि ती धूळ रिंगा आणि लायनर घासते. तेव्हा एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, क्लिपा नीट लागल्यात का, फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनकडच्या पाईपमधे बोट फिरवून धूळ लागते का. चाकणसारख्या भागात रोज ट्रकच्या मागे मागे जाणाऱ्यांनी मॅन्युअलमधलं धुळीच्या रस्त्यांसाठीचं वेगळं शेड्यूल एकदा वाचाच, ते आपल्यासाठीच लिहिलंय.

लोखंड येतं लायनर, कॅम, क्रँक, टायमिंग चेन इथून. क्रोमियम आलं तर रिंगा. तांबं मुख्यतः बेअरिंग आणि बुशमधून, जोडीला शिसं किंवा कथिल चढत असेल तरच काळजी.

आता समजा ५,००० किलोमीटरला पहिलं ऑईल काढलं, लोखंड ४२. पुढचं परत ५,००० ला, लोखंड १६. त्याच्या पुढचं पूर्ण १०,००० चालवून काढलं, लोखंड २५. लॅबचा कागद म्हणेल १६ वरून २५, वाढलं! पण हजार किलोमीटरला हिशोब करा, ८.४, मग ३.२, मग २.५, म्हणजे इंजिन मस्त रुळतंय. हिशोब अगदी काटेकोर नाही, कारण ऑईल बदलताना जुनं थोडं आत राहतंच आणि त्याचं लोखंड पुढच्या खात्यात जमा होतं, टॉप-अप केलं तर उलट आकडा पातळ होतो, पण दिशा कळायला एवढं पुरेसं आहे.

मला विचाराल तर धातूंपेक्षा व्हिस्कॉसिटी (ऑईलचा दाटपणा) आणि फ्लॅश पॉईंटवर (ज्या तापमानाला ऑईलची वाफ पेट घेते) जास्त वेळ घालवा, कारण लोक ते वाचतच नाहीत आणि तिथे तुम्हाला स्वतः काहीतरी करता येतं. हल्लीच्या छोट्या गाड्यांना ०डब्ल्यू-१६ सारखं पातळ ऑईल येतं, त्याची १०० डिग्रीला व्हिस्कॉसिटी ६.१ ते ८.२ सेंटीस्टोकच्या आत हवी, ०डब्ल्यू-२० असेल तर ६.९ ते ९.३. समजा ०डब्ल्यू-१६ चा आकडा ५.६ आला. फ्लॅश पॉईंट नव्या ऑईलच्या जवळपास असेल तर ऑईलला दाटपणा देणारं पॉलिमर तुटून ते पातळ झालंय, वेळेवर बदला, एवढंच. पण फ्लॅश पॉईंटही दणकून पडला असेल, म्हणजे नवीन असताना २२० डिग्रीच्या आसपास होता आणि आता १७०, तर ऑईलमधे पेट्रोल मिसळतंय. रोज घर ते स्टेशन दोन किलोमीटर, इंजिन तापायच्या आत बंद, असं वापरणाऱ्यांचं हे हमखास होतं. उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला तास-अर्धा तास पळवा, आणि ऑईल किलोमीटरची वाट न बघता महिन्यांवर बदला. डिपस्टिकवर ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तरी हाच संशय घ्यायचा, अर्थात वर्कशॉपने मुळातच जास्त भरलं नसेल तर. सीएनजीवाल्यांना पेट्रोलचा त्रास कमी, पण त्यांनी नायट्रेशनचा (जळताना तयार होणाऱ्या नायट्रोजनच्या वायूंनी ऑईल खराब होण्याचा) आकडा बघावा, गॅसवर तो जास्त चढतो.

पाणी दिसलं तर लगेच सोडियम आणि पोटॅशियमकडे जा. ते नव्या ऑईलइतकेच असतील तर ती वाफ, छोट्या फेऱ्यांची आणि पावसाळ्याची. ते चढले असतील तर कुलंटचा संशय, कुलंटची टाकी मार्करने खूण करून रोज सकाळी थंड इंजिनवर बघा. टर्बो गाडीत मात्र फक्त पोटॅशियम आणि अल्युमिनियम जोडीने वर असतील तर ते नव्या इंटरकूलरच्या जोडकामातलं फ्लक्स असू शकतं, ते हळूहळू धुऊन जातं.

कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, फॉस्फरस, मॉलिब्डेनम हे ऑईलचे मसाले. हे नव्या ऑईलच्या सॅम्पलशी जुळत नसतील तर डब्यावर लिहिलेलं आणि गाडीत गेलेलं ऑईल एकच आहे का, हे जाऊन विचारा. फक्त पहिल्या ऑईलला हा नियम लावू नका, ते कंपनीतूनच भरून येतं आणि त्यात असेंब्लीच्या वेळच्या ग्रीसचं मॉलिब्डेनमही उतरलेलं असतं. टीबीएन, म्हणजे ऑईलची आम्ल मारायची ताकद, हा शेवटचा आकडा, ७-८ ला सुरू होतो, २ च्या खाली गेला की त्या ऑईलचं काम संपलं.

आणि एक, ही टेस्ट ५ ते ८ मायक्रॉनच्या वरचे कण बघतच नाही, तेव्हा रिपोर्ट हिरवागार आणि इंजिनातून टकटक आवाज असं असेल तर आवाजावर विश्वास ठेवा. उलट रिपोर्ट खराब आणि गाडी झकास असेल तर इंजिन उघडायची घाई नको, हजार-दीड हजार किलोमीटरनंतर डिपस्टिकच्या नळीतून छोट्या हातपंपाने दुसरं सॅम्पल काढून पाठवा. त्यातही तेच आलं तर दोन्ही रिपोर्ट घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या, वॉरंटी चालू असताना तोंडी सांगून आलेलं कुणाला आठवत नाही.