वोर्रेमो की वोर्रेम्मो?

इटलीतल्या तोरिनोत नवा असताना मी बारच्या काउंटरवर ऐटीत इटालियनमध्ये म्हणालो, ‘वोर्रेमो दुए काफ्फे.’ म्हणायचं होतं ‘आम्हाला दोन कॉफ्या हव्या होत्या’, म्हणालो भविष्यकाळातलं ‘आम्हाला हव्या असतील’. नम्रपणाचं रूप ‘वोर्रेम्मो’. फरक एका ‘म्’चा. कॉफी मिळाली, पण ‘कधी?’ असं विचारून.

तेव्हापासून मी ‘वोर्रेम्मो’सारखी संकेतार्थी (‘जर-तर’च्या अर्थाची) रूपं टेबलावर बोटं आपटून म्हणतो, दर अक्षराला एक. ‘पार्लारे’, म्हणजे बोलणे, घ्या. आधी ‘ला’चा ‘ले’ होतो. (दारे, फारे, स्तारे या क्रियापदांचा ‘आ’ मात्र टिकतो: दारेइ, फारेइ, स्तारेइ.) मग मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने:

पार-ले-रेइ
पार-ले-रे-स्ती
पार-ले-रेब्-बे
पार-ले-रेम्-मो
पार-ले-रे-स्ते
पार-ले-रेब्-बे-रो

विलेपार्ल्याच्या माणसाला हे पाठ करताना हसू येणारच.

आता बोट जोरात आपटायचं ते फक्त ‘रे’वर, सहाही वेळा. तो जोर लिहून दाखवत नाहीत. भविष्यकाळातल्या ‘पार्लेरो’च्या (मी बोलेन) शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह असतं, इथे कुठेच नाही.

आपली देवनागरी इथे अर्धी मदत करते आणि अर्धी फसवते. ‘रे-स्ती’ आपण जसं लिहितो तसंच इटालियन तोडतात, ‘स्’ पुढच्या अक्षराकडे. पण ‘रेब्बे’ लिहिताना आपण जोडाक्षर एकत्र ठेवतो, ते मात्र मधोमध चिरतात: रेब्, बे. आणि आपली जीभ मुळात ‘डब्बा’ऐवजी ‘डबा’ म्हणणारी! ‘गम्मत’ म्हणताना ओठ जेवढे मिटून राहतात, तेवढे ‘रेम्मो’ला मिटायचे.

सगळ्यात उपयोगी पडली ती स्वराची लांबी. भविष्यकाळातल्या ‘पार्लेरेमो’त (आम्ही बोलू) ‘रेऽ’ लांबतो आणि ‘म’ झटकन जातो. संकेतार्थात ‘रे’ तोकडा आणि ‘म्’ धरून ठेवलेला. व्यंजनाकडे लक्ष जात नसेल तर स्वर आखूड करा, ओठ आपोआप थांबतात.

‘रेइ’ एकाच ठोक्यात. ‘रे-ई’ केलंत तर एक बोट जास्त पडतं.

शेवटचं रूप जड जातं. ‘पार्लेरेब्बेरो’त आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर, अशा शब्दाला ते ‘स्द्रूच्चोला’ म्हणतात. मी आधी ‘बे’वर आदळत होतो. आता ‘रेब्’वर बोट आपटतो आणि ‘बेरो’ नुसतं घरंगळू देतो.

परवा त्याच काउंटरवर ‘वोर्रेम्मो’ म्हणालो. या वेळी ‘कधी?’ ऐवजी ‘साखर?’ विचारलं.